मराठी ब्लॉग, बेंगळूरचा सर्व्हर: डिजिटलओशन वापरून काय वाटलं

आमचा ब्लॉग बेळगावचा, कुंदा-मांडे, राजहंसगड, पावसाळ्यातली जांबोटी, असलं सगळं आणि फोटो भरपूर. आधी शेअर्ड होस्टिंग होतं, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, कंपनीचं नाव घेत नाही, पहिल्या वर्षी स्वस्त आणि रिन्यूवलला डोळे पांढरे. शिवजयंतीच्या चित्ररथांचे फोटो टाकले की त्या रात्री साइट हमखास बंद.

म्हणून व्हीपीएस बघितले, म्हणजे मोठ्या सर्व्हरचा आपल्यापुरता वेगळा तुकडा, महिन्याच्या भाड्यानं. असे सर्व्हर लाइटसेल आणि लिनोड मुंबईत देतात, डिजिटलओशन बेंगळूरला. मी बेंगळूर घेतलं तर मित्राचा लगेच मेसेज, "मराठी ब्लॉग नेऊन बेंगळूरला ठेवूलालास काय बे?" अरे बाबा, बेळगावातनं मुंबई काय नि बेंगळूर काय, दोन्हीकडं पाचशेएक किलोमीटर, वाचणाऱ्याला काय फरक कळतोय. मला डिजिटलओशनचं पॅनल सोपं वाटलं, एवढंच कारण.

प्लॅन 1 जीबी रॅम, 25 जीबी एसएसडी, महिन्याला 6 डॉलर, वर 18 टक्के जीएसटी. वर्डप्रेसला कॅशिंग (तयार पान साठवून तेच परत दाखवणं) लावलं आणि फोटो बारीक करून टाकले तर आरामात पुरतं. एसएसएल, म्हणजे पत्त्यात https दाखवणारं सर्टिफिकेट, लेट्स एन्क्रिप्टचं, फुकट, 90 दिवसांचं, सर्टबॉट नावाचा प्रोग्राम आपोआप रिन्यू करतो.

पण इथं सर्व्हर देऊन ते मोकळे, कुलूप आपणच लावायचं. सर्व्हर चालू झाला की थोड्याच वेळात ऑथ लॉग (लॉगिनच्या प्रयत्नांची नोंदवही) उघडून बघा, कुठले कुठले बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) रूट, म्हणजे सर्वाधिकारी यूजर, अ‍ॅडमिन अशी नावं घालून पासवर्ड मारत बसलेले असतात. त्यामुळं एसएसएचनं (लांबून सर्व्हरवर सुरक्षित शिरायची सोय) पासवर्डऐवजी की-नंच, म्हणजे किल्लीसारख्या फाइलींच्या जोडीनंच, लॉगिन ठेवायचं, ईडी25519 प्रकारची की, तिला पासफ्रेज (कीचा स्वतःचा पासवर्ड), प्रायव्हेट की लॅपटॉपवरच राहते आणि सर्व्हरवर फक्त पब्लिक जाते. मग वेगळा यूजर करायचा, रूट लॉगिन बंद, पासवर्ड लॉगिन बंद. हे करताना जुनी टर्मिनल विंडो उघडीच ठेवा आणि दुसरीतनं आत जाता येतंय का बघा, नाहीतर स्वतःच बाहेर. उबुंटूत (सर्व्हरवरची लिनक्स सिस्टिम) एक गंमत आहे, एसएसएचच्या मेन सेटिंग फाइलमध्ये पासवर्ड बंद केला तरी क्लाउड-इनिटची (सर्व्हर पहिल्यांदा तयार करणारा प्रोग्राम) वेगळी छोटी फाइल असते, ती आधी वाचली जाते आणि एसएसएच पहिली सापडलेली सेटिंग धरतो, म्हणजे तिच्यात 'यस' असलं तर पासवर्ड चालूच! पोर्ट 22 (एसएसएचचा ठरलेला दरवाजा) बदलून लॉगमधली गर्दी तेवढी कमी होते, त्याला सिक्युरिटी म्हणू नका. फेलटूबॅन, सारखे चुकीचे पासवर्ड मारणाऱ्याला अडवणारा प्रोग्राम, मात्र लावाच.

कुणीतरी सांगतंय की फायरवॉलमध्ये (कोणाला आत सोडायचं ते ठरवणारा पहारा) फक्त आपलाच आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, ठेव. ऑफिसात फिक्स आयपी असेल तर उत्तम, पण आमच्यासारखं मोबाइल डेटावर काम, सीमेवरची शिनोळी ओलांडली की टॉवर महाराष्ट्राचा, आयपी कुठला टिकतोय.

ड्रॉप्लेटवरून (डिजिटलओशनच्या व्हीपीएसचं नाव) थेट मेल पाठवायची एसएमटीपी पोर्टं बंद असतात, कॉन्टॅक्ट फॉर्मला वेगळी मेल सर्व्हिस धरा. आठवड्याच्या बॅकअपला प्लॅनच्या 20 टक्के जादा, ते मी देतो.

पाचपैकी चार. टर्मिनल बघून घाम फुटत असेल तर मॅनेज्ड होस्टिंग घ्या, सर्व्हरची काळजी कंपनीच घेते, चार पैसे जास्त जाऊदेत.