बोटीआधीचा मुक्काम: फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट

मुंबईहून गोवा, कोची किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझचे आरक्षण करताना बहुतेक कुटुंबे बोटीवरील खोली, जेवण आणि करमणुकीचे कार्यक्रम यांची बारकाईने चौकशी करतात. बोटीवर चढण्यापूर्वी मुंबईत कोठे उतरायचे, हा प्रश्न मात्र प्रवासी संस्थेवर किंवा उपनगरातील नातेवाइकांवर सोपवून मोकळी होतात. आमच्या परिचयातील एका कुटुंबाला अशाच एका संस्थेने विमानतळाजवळचे हॉटेल दिले होते आणि बोट सुटण्याच्या दिवशीची सगळी सकाळ त्यांना सामानासह रस्त्यावरील कोंडीत काढावी लागली. आम्ही आई-वडिलांना घेऊन कोल्हापूरहून निघालो तेव्हा मुक्काम बंदराला लागूनच करायचा, असे ठरवले आणि फोर्टातील बॅलार्ड इस्टेट हा भाग निवडला. हा मुक्काम क्रूझइतकाच मनापासून आखावा असा आहे. बाहेरगावच्या प्रवाशाने त्यासाठी दोन रात्री राखून ठेवाव्यात आणि त्या काळात ‘मुंबई दर्शन’ उरकण्याऐवजी ज्या बंदरातून आपण निघणार आहोत ते बंदर समजून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोयीच्या दृष्टीने या भागाला तोड नाही. कोल्हापूरची महालक्ष्मी, विदर्भ एक्सप्रेस, मडगावची कोकणकन्या या गाड्या सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला येतात आणि तेथून बंदराचे ग्रीन गेट, म्हणजे क्रूझच्या धक्क्याकडे नेणारे दार, मैलभराच्या आत आहे. विमानाने येणाऱ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो ३ थेट विमानतळापासून हुतात्मा चौक आणि टर्मिनसपर्यंत धावते, त्यामुळे हाती बेताचे सामान असेल तर रस्त्यावरच्या कोंडीचा प्रश्नच उरत नाही. रेल्वेने सकाळी पोचणाऱ्यांनी एक गोष्ट आधी दूरध्वनीवर पक्की करावी: हॉटेलच्या खोल्या साधारणतः दुपारी मिळतात, म्हणून लवकर खोली मिळणार नसेल तर निदान सामान ठेवून हातपाय धुण्याची सोय होईल का, हे विचारून घ्यावे. वृद्ध माणसे रात्रभराच्या प्रवासाने थकलेली असतात आणि त्यांना तळमजल्यावरील स्वागतकक्षात तीन तास बसवणे योग्य नाही.

हॉटेलांबद्दल थोडक्यात सांगतो. येथील जुन्या दगडी इमारतींतील हॉटेलांत छत उंच, भिंती जाड आणि खोल्या ऐसपैस असतात. नव्या हॉटेलांची चकचकीत सफाई तेथे अपेक्षू नये. आम्ही जेथे उतरलो तेथील वातानुकूलन यंत्र रात्रभर घरघरत होते आणि न्याहारी सामान्य होती. तरीही कर्मचारी अदबशीर होते, पलंगपोस स्वच्छ होते आणि खिडकी उघडली की रहदारीचा गोंगाट नव्हे, तर झाडांवरच्या पक्ष्यांचा आवाज येत होता, ही दक्षिण मुंबईत सहज मिळणारी गोष्ट नाही. अशा इमारतींत लिफ्टपर्यंत पोचण्यासाठीही काही पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी लिफ्ट आहे का, एवढेच विचारू नये. ती कोठून सुरू होते, हेही विचारावे. कुलाब्यात हॉटेलांची निवड अधिक आहे आणि संध्याकाळी वर्दळही भरपूर असते, परंतु ज्यांना शांतपणे झोपून ताजेतवाने बोटीवर चढायचे आहे, त्यांना मी बॅलार्ड इस्टेटच सुचवीन.

ही शांतता कशी घडली, हे जाणून घेण्यासारखे आहे. आज आपण जेथे झोपतो ती जागा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी समुद्र होती. १९१४ मध्ये पूर्ण झालेल्या अलेक्झांड्रा गोदीसाठी, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीसाठी, जो प्रचंड खोदाईचा राडारोडा निघाला तो भरावासाठी वापरून पोर्ट ट्रस्टने ही जमीन तयार केली, आणि १९१४ ते १९१८ या काळात वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याबरहुकूम तीवर कचेऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडाही याच विटेट यांचा. इमारतींची उंची, दर्शनी भाग आणि दगड यांत एकसारखेपणा राखला गेल्यामुळे सगळी वसाहत एका हाताने रेखल्यासारखी दिसते. कर्नल बॅलार्ड हे १८७३ मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टच्या उभारणीतील प्रमुख अधिकारी, त्यांचे नाव या भागाला मिळाले. गल्ल्यांच्या नावांकडे तर प्रत्येक क्रूझ प्रवाशाने लक्ष द्यावे: गोवा स्ट्रीट, मंगलोर स्ट्रीट, कालिकत स्ट्रीट, कोचीन स्ट्रीट. पश्चिम किनाऱ्यावरची बंदरे उत्तरेकडून दक्षिणेकडे जशी येतात, त्यांतली निवडक नावे येथे पाट्यांवर आहेत, आणि बोट ज्या किनाऱ्याने जाणार तो किनारा आदल्या दिवशी पायी फिरून पाहिल्याचे समाधान मिळते. माझ्या वडिलांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी प्रत्येक पाटीखाली थांबून छायाचित्र काढून घेतले.

पहिल्या दिवसाची फेरी येथूनच सुरू करून पश्चिमेकडे जावे. जकात कचेरी आणि टाउन हॉल या परिसरात आले की जुन्या शहराचा गाभा लागतो. १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या टाउन हॉलच्या म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या तीस पायऱ्या वृद्धांना चढवत नाहीत, पण खालच्या पायऱ्यांवर बसूनही समोरची हॉर्निमन सर्कलची बाग नीट न्याहाळता येते. ही बाग होण्यापूर्वी हे मोकळे मैदान होते आणि येथे कापसाचा व्यापार चालत असे. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा मुंबईच्या बंदरातून गेलेल्या कापसाने शहरात अफाट पैसा आला. त्याच दशकात किल्ल्याचे तट पाडले गेले आणि शहर बाहेर पसरले. ‘फोर्ट’ हे नाव उरले, किल्ला गेला. बागेच्या पलीकडच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमुळे, जे १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले, तटाच्या त्या बाजूच्या दरवाजाला चर्चगेट म्हणत आणि आता दरवाजाचा मागमूसही नसताना रेल्वे स्थानक ते नाव चालवीत आहे. आतील भिंतींवरच्या संगमरवरी स्मृतिशिला सावकाश वाचाव्यात. परक्या समुद्रावर आणि परक्या हवामानात तरुणपणीच मेलेल्या कितीतरी माणसांची नोंद त्यांवर आहे.

टाउन हॉलच्या मागच्या बाजूला नौदलाचा परिसर सुरू होतो. तेथे जाता येत नाही आणि छायाचित्रे काढण्यासही मनाई आहे, याचे भान ठेवावे. परंतु त्या भिंतीमागे काय आहे, ते माहीत असावे. इंग्रजांचा मूळ ‘बॉम्बे कॅसल’ तेथे आहे आणि त्याच आवारातील नौदलाच्या तळाला आज ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव आहे. ज्या कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा-गलबतांच्या धास्तीने याच किल्ल्यातून इंग्रजांनी मोहिमा काढल्या, त्यांचे नाव त्या जागेला मिळाले, याचा मराठी माणसाला वाटणारा आनंद साधा नाही. त्यालाच लागून नौदलाची गोदी आहे. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी १७३६ पासून येथे जहाजबांधणीचा पाया घातला आणि त्यांच्या वंशजांनी मलबारी सागवानाची जहाजे बांधून ब्रिटिश आरमाराला पुरवली. त्यांपैकी १८१७ मध्ये पाण्यात उतरवलेले ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. दोनशे वर्षांहून जुने लाकडी जहाज टिकते, यावरून येथील सुतारांच्या हातांची कल्पना यावी.

दुसऱ्या फेरीत टर्मिनसची इमारत, जिचा २००४ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला, आणि हुतात्मा चौकातील जुनी पुस्तके एवढेच पाहिले तरी पुरे. गेटवे आणि ताजमहाल हॉटेल बोटीवरून अधिक चांगले दिसतात, त्यामुळे त्यांच्यासाठी गर्दीत जाण्याची गरज नाही. घारापुरीला जायचे असेल तर ते बोट सुटण्याच्या दिवशी कदापि करू नये. लाँच जायला तासभर आणि यायला तासभर घेते, वर लेण्यांपर्यंतच्या पायऱ्या आहेत आणि सोमवारी लेणी बंद असतात.

जेवणाच्या बाबतीत बॅलार्ड इस्टेटचे ‘ब्रिटानिया’ वगळता येणार नाही. १९२३ पासून चालत आलेल्या या इराणी उपाहारगृहातील बेरी पुलाव हा आंबटगोड वाळक्या बेरी, केशरी भात आणि मांस किंवा भाज्या यांचा मेळ आहे. तो तिखटजाळ नाही, म्हणून आमच्या कोल्हापुरी जिभांना पहिला घास सौम्य लागला, पण ताट संपेपर्यंत त्या सौम्यपणातली जाण पटली. सोबत साली बोटी आणि शेवटी कॅरॅमल कस्टर्ड घ्यावे. येथे दुपारच्या जेवणाचीच वेळ महत्त्वाची असते आणि रविवारी या भागातील बऱ्याच गोष्टी बंद राहतात, तेव्हा आधी चौकशी करूनच निघावे. मराठी चवीसाठी टर्मिनससमोरील ‘आराम’ हे १९३९ पासूनचे ठिकाण उत्तम आहे. थालीपीठ, मिसळ आणि वडा या तिन्हींत आम्हाला वडा सर्वांत उजवा वाटला. रात्रीच्या जेवणाची मात्र बॅलार्ड इस्टेटमध्ये अडचण होते. कचेऱ्या सुटल्या की गल्ल्या रिकाम्या होतात आणि जेवायला हुतात्मा चौकाकडे किंवा कुलाब्याकडे जावे लागते. हा या मुक्कामाचा खरा उणेपणा आहे, आणि रविवारी तो अधिक जाणवतो.

बोटीच्या दिवशी हॉटेल ते ग्रीन गेट हे अंतर इतके थोडे असते की काळी-पिवळी टॅक्सीवाले यायला कुरकुर करतात. एकाने आमच्याकडे मीटरच्या कितीतरी पट रक्कम मागितली. हॉटेलकडूनच गाडी ठरवून घेणे बरे. बॅलार्ड पिअर येथील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले आणि तपासणी व नोंदणीसाठी तेथे ७२ खिडक्यांची व्यवस्था आहे. एकेकाळी याच धक्क्यावर बॅलार्ड पिअर मोल नावाचे रेल्वे स्थानक होते आणि युरोपहून टपालबोटीने आलेले प्रवासी बोटीतून उतरून थेट फ्रंटियर मेलमध्ये बसत. आज रेल्वे आणि बोट यांच्यातला तो मैलभराचा दुवा आपल्याला टॅक्सीने जोडावा लागतो. तिकिटावर छापलेल्या वेळेच्या सुरुवातीलाच पोचावे. सरकारी ओळखपत्राची मूळ प्रत प्रत्येकाच्या हाती असावी. मोठ्या बॅगा नोंदणीच्या वेळी घेतल्या जातात आणि खोलीत उशिरा पोचतात, म्हणून औषधे, चष्मा, एक कपड्यांचा जोड आणि बोट लागू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या खांद्यावरच्या पिशवीतच ठेवाव्यात. गोळी बोट सुटण्यापूर्वी घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

खोली मिळाल्यावर लगेच जेवणाच्या दालनाकडे धावू नये. बोट धक्क्यापासून सुटून दक्षिणेकडे निघते तेव्हा प्रथम उजव्या हाताला नौदलाची गोदी, गेटवे आणि कुलाबा दिसतो, आणि दोन दिवस जे भिंतींच्या अलीकडून ऐकले-वाचले ते सगळे आता पाण्याच्या बाजूने सलग पाहायला मिळते. कुलाब्याच्या टोकाशी १८७५ चे प्राँग्स दीपगृह उजवीकडेच राहते. त्यानंतर मात्र डाव्या बाजूला यावे, कारण हवा स्वच्छ असेल तर थळच्या समुद्रात खांदेरी आणि उंदेरी दिसतात. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीवर तट उभारायला घेतला तेव्हा मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी इंग्रज आणि सिद्दी या दोघांनाही तोंड देत ते बेट राखले, आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत खांदेरीचाही जागतिक वारशात समावेश झाला. हिवाळ्यात संध्याकाळी धुरकट हवेमुळे बेटे अंधूक होतात, म्हणून दुर्बीण असल्यास तीही मोठ्या बॅगेत न टाकता त्याच खांद्यावरच्या पिशवीत घ्यावी.