शेवटच्या महिन्यातील तपासण्या : एका प्रसूतिगृहाचा अनुभव

छत्तिसाव्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत दर आठवड्याला ज्या प्रसूतिगृहात माझी तपासणी होत होती, त्याच्या केवळ याच काळातील सेवेविषयी मी येथे लिहीत आहे. पाचपैकी चार गुण मी त्यांना देईन, आणि त्यांतील बहुतेक गुण तेथील परिचारिकांचे आहेत.

वजन, रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि पोटाची उंची या नेहमीच्या तपासण्या दहा मिनिटांत उरकत. मात्र त्यांचे आकडे नुसते फाईलमध्ये लिहून ठेवले जात नसत. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आला, सतत डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा चेहऱ्यावर अचानक सूज दिसली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता तत्काळ यावे, हे माझ्या पतींनाही समोर बसवून सांगितले गेले. आपण तेथे केवळ सोबत म्हणून आलेलो नाही, असे त्यांना त्या दिवशी प्रथमच वाटले.

या सेवेची खरी पारख मात्र एकोणचाळिसाव्या आठवड्यात झाली. दिवस भरत आले की बाळाला जागा पुरत नाही, म्हणून ते कमी हलते, असे मला अनेकींनी सांगितले होते. त्यामुळे एके रात्री हालचाली मंदावल्यासारख्या वाटल्या, तरी मी फोन करायला कचरत होते. पलीकडच्या परिचारिकेने हा समज चुकीचा असल्याचे स्पष्ट सांगितले: हालचालींचा प्रकार बदलू शकतो, पण त्या कमी होणे स्वाभाविक मानू नये आणि सकाळपर्यंत थांबू नये. आम्ही पोहोचताच पोटावर दोन पट्टे बांधून एनएसटी, म्हणजे बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढणारी तपासणी, सुरू झाली. एका पट्ट्याने बाळाचे ठोके नोंदले जातात, दुसऱ्याने गर्भाशयाचे आकुंचन. ठोक्यांची मूळ गती मिनिटाला ११० ते १६० असावी आणि बाळ हलले की ती काही काळ वाढावी, अशी अपेक्षा असते. पहिल्या वीस मिनिटांत आलेखावर हवी तशी वाढ दिसेना, तेव्हा आमचा धीर सुटला होता. परंतु बाळ झोपलेले असू शकते, म्हणून तपासणी चाळीस मिनिटांपर्यंत वाढवतात, हे तिने आम्ही विचारण्याआधीच सांगितले. थोड्याच वेळात आलेख हवा तसा उमटू लागला. त्यानंतर सोनोग्राफीत गर्भजल पाहून मगच आम्हाला घरी पाठवले.

सोनोग्राफीच्या अहवालाबाबत मात्र इतकी काळजी घेतली गेली नाही. बाळ पायाळू नसून डोके खाली आहे, हे डॉक्टरांनी सांगितले. पण वजनाचा आकडा हा अंदाज असतो आणि त्यात दहा-पंधरा टक्क्यांचा फरक पडू शकतो, हे कोणीही सांगितले नाही. अहवालात २ किलो ९०० ग्रॅम होते, जन्माच्या वेळी भरले २ किलो ६५० ग्रॅम. एवढ्या फरकाने आम्ही विनाकारण घाबरलो.

एक गुण मी कापला तो आतल्या तपासणीमुळे. प्रत्येक भेटीत डॉक्टर वेगळे असत आणि सदतिसाव्या आठवड्यात त्यांपैकी एकांनी, काय करणार आहेत व कशासाठी हे न सांगता, ती तपासणी केली. वेदनेपेक्षा ते न विचारणे मला अधिक लागले. मी लेखी तक्रार दिली. पुढच्या भेटीत आलेल्या डॉक्टरांनी फाईलवरील नोंद वाचली, गर्भाशयाचे तोंड कितपत मऊ झाले आहे हे पाहण्यासाठी ही तपासणी असल्याचे समजावले आणि आज ती टाळली तरी चालेल, असेही सांगितले. त्या दिवशी मी स्वतःहून होकार दिला.