मोबाईलवर स्कोअर कळत असताना पेपर का लावला: खेळाच्या पानाचा काही महिन्यांचा अनुभव

मागच्या पावसाळ्यात घरात पेपर परत लावला तो फक्त खेळाच्या पानासाठी. स्कोअर तर रात्रीच मोबाईलवर कळतो मग सकाळी परत काय वाचायचं असं घरचे म्हणत होते, पण इतके महिने रोज वाचून सांगतो, बातमी वेगळी आणि कॉलम वेगळा, आणि पैसे वसूल होतात ते कॉलममुळंच.

क्रिकेटवर लिहिणारे सुनंदन लेले मला पहिल्यापासून आवडतात. माणूस स्वतः मॅचला जाऊन लिहितो हे दोन ओळीत कळतं. टीव्हीवर आपण पण तीच मॅच बघितलेली असते, पण कॅमेरा बॉलच्या मागं असतो आणि ह्यांची नजर मैदानात दुसरीकडं फिरत असते.

द्वारकानाथ संझगिरी फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले, त्यानंतर मी त्यांचं जुनं लिखाण शोधून शोधून वाचलं. मुंबई महापालिकेत सिव्हिल इंजिनिअर असलेला माणूस, पण बॅटिंगवर लिहिता लिहिता मधेच सिनेमात शिरणार, जुनं गाणं आठवणार आणि परत बरोबर क्रीझवर येणार. काहींना ते पाल्हाळ वाटतं, मला नाही वाटत. ज्यांना क्रिकेटचं काही पडलेलं नाही अशी माणसं पण त्यांना वाचायची, ही काय साधी गोष्ट हाय का! आणि वि. वि. करमरकरांचं नाव घेतल्याशिवाय तर हा विषय होतच नाही, महाराष्ट्र टाइम्समध्ये त्यांनी खेळाला मानाचं पान मिळवून दिलं आणि कबड्डी, खो-खो, कुस्तीला पण जागा दिली.

आता चांगला कॉलम म्हणजे काय ते आपल्याच माणसावरून सांगतो. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिकला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफल नेमबाजीत ब्राँझ मारलं, ४५१.४ पॉईंट. आख्खं कोल्हापूर नाचलं, पण ५० मीटर थ्री पोझिशन म्हणजे नक्की काय करतात हे किती जणांना माहीत होतं? आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं झोपून आणि शेवटी उभं राहून नेम धरायचा, उभं राहिल्यावर रायफलचं सगळं वजन अंगावर येतं, श्वास जरा जास्त घेतला तरी नळी हलते, आणि स्वप्नील नेमका तिथंच खालून वर आला. हे समजावून सांगितलं की तीच फायनल परत बघताना प्रत्येक शॉटला पोटात गोळा येतो. खाशाबा जाधवांचं पण तसंच. १९५२, हेलसिंकी, ब्राँझ हे शाळेतल्या पोराला पण पाठ हाय. पण त्यांना पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हे कुणीतरी नीट लिहिलं तर त्या मेडलचं वजन कळतं.

तक्रार एकच, पण मोठी. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी फुटबॉल मॅच असली की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात काय, तर गोल कुणी कितव्या मिनिटाला मारला आणि हुल्लडबाजी झाली का नाही. अरे डिफेन्स कुठं फुटला, कोचनं पोरगा का बदलला, पेठेतला तो नवीन विंगर सकाळी कुठं राबतो, ह्यातलं अक्षर नाही. लिहिणारी पोरं मॅचला असतात, त्यांना कळतं पण सगळं, जागाच देत नाहीत. आठवड्यातनं एक अर्धं पान कोल्हापूरच्या फुटबॉलला द्या, मी दुसरा पेपर पण चालू करतो.