१२ इंची सबवूफर बदलला, खोड मात्र भलतीकडेच होती

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच. आधी गाडीतला जुना सबवूफर, म्हणजे डिकीतला बासचा मोठा स्पीकर, कसा गेला ते सांगतो, कारण ते न शोधता नवा बसवला असता तर तोही त्याच वाटेने गेला असता.

पहिली तक्रार मुलीची. मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, डिकीत कुणीतरी पॉलिश पेपर घासतंय." पुढे बसून मला एवढंच कळत होतं की बास कमी झालाय, आणि तो भरून काढायला मी नॉब आणखी फिरवत होतो. आगीत तेल!

घरी येऊन आधी फ्यूज, वायर आणि अँप (स्पीकरला पॉवर देणारा अँप्लिफायर) पाहिले. अँपचा हिरवा दिवा लागलेला, प्रोटेक्टचा लाल नाही. मग सबवूफर बॉक्समधून सोडवला आणि कोनावर (पुढच्या हलणाऱ्या पडद्यावर) दोन्ही हातांची बोटं समोरासमोर ठेवून हलकेच आत दाबला. धडधाकट कोन आवाज न करता खाली जातो आणि वर येतो. माझा खर्र करत गेला, खर्र करत आला. नाक जवळ नेलं तर जळक्या वार्निशचा वास, पंपाची मोटर जळल्यावर येतो अगदी तसला.

तरी मीटर लावलाच. सबवूफरमध्ये ४ ओहमच्या दोन कॉइल (कोन हलवणारी तारेची वेटोळी) होत्या, समांतर जोडलेल्या. म्हणजे अँपला २ ओहम दिसणार. मीटरवर नेहमी थोडं कमीच दिसतं, त्यामुळे १.८च्या आसपास यायला हवं होतं. आलं ३.६. क्षणभर वाटलं, अरे, बरंच आहे की! मग जोडणी सुटी करून एकेक कॉइल मोजली. पहिली ३.६, दुसरीवर मीटर हलायलाच तयार नाही. एक कॉइल तुटलेली, दुसरी एकटी गाडा ओढतेय. म्हणून आवाज येत होता, पण अर्धामुर्धा. दोन कॉइलवाल्यांनी हे लक्षात ठेवावं: सबवूफर वाजतोय याचा अर्थ तो शाबूत आहे असा नाही.

कुतूहल म्हणून मधली टोपी ब्लेडने कापली. कॉइलची तार एका बाजूने तपकिरी, पुढे काळी, आणि दोन-तीन वेढे सुटून चुंबकाच्या फटीत घासत होते. पॉलिश पेपर सापडला.

आता दोषी कोण? मी. अँपचा गेन (स्टिरिओच्या सिग्नलशी अँप जुळवायचा नॉब) शेवटपर्यंत फिरवलेला आणि बास बूस्ट १२ डेसिबलवर. १२ डेसिबल म्हणजे जवळपास १६ पट पॉवरची मागणी. अँप तेवढी आणणार कुठून? तो सिग्नलची टोकं छाटतो, ज्याला क्लिपिंग म्हणतात. छाटलेल्या सिग्नलमधून कॉइलला सरासरी जास्त पॉवर मिळते, म्हणजे ती जास्त तापते. गेनचा नॉब हा आवाजाचा नॉब नव्हे, हे मला इतक्या वर्षांनी कॉइल जाळून कळलं.

नवा घेताना खोक्यावरच्या १२०० वॉटकडे ढुंकूनही पाहू नका. तो क्षणभराचा आकडा. पाहायचा तो आरएमएस, म्हणजे सतत झेपणारी पॉवर, माझ्या नव्याचा ४००. दुसरं म्हणजे ओहम. मी घाईत २ ओहमच्या दोन कॉइलवाला मागवणारच होतो. तो समांतर जोडला की १ ओहम होतो आणि माझा अँप २ ओहमच्या खाली चालत नाही. वेळेवर हात आवरला, पुन्हा ४ ओहमच्या दोन कॉइलवालाच घेतला.

बसवण्याचं काम तासाभराचं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. दोन्ही कॉइलना आळीपाळीने दीड व्होल्टचा सेल टेकवून पाहिला. प्लसला प्लस लावल्यावर कोन दोन्ही वेळा बाहेर आला. एक जरी उलटी जोडली असती तर दोघी एकमेकींना मारत बसल्या असत्या. भोक तंतोतंत बसलं, पण स्क्रूची भोकं जुन्याशी जुळली नाहीत, ८ नवी पाडावी लागली. स्क्रू एका बाजूने गोल न आवळता समोरासमोरचे आवळले, नाहीतर फ्रेम वाकते आणि हवा गळते. गॅस्केट सोबत जाड आलं होतं, त्याबद्दल कंपनीला शाबासकी.

मग गेन. स्पीकरच्या वायर सोडवून, बास बूस्ट शून्यावर, इक्वलायझर सपाट, स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांश, आणि ५० हर्ट्झचा टोन. अँपच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजत गेन हळूहळू वाढवला. हिशोब सोपा: वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ४०० गुणिले २ म्हणजे ८००, वर्गमूळ साधारण २८.३. तिथे थांबलो. नॉब निम्म्यापर्यंतही गेला नाही, तेव्हा खरं सांगायचं तर जीव थोडा खट्टू झाला.

वाजवल्यावर खट्टूपणा गेला. बंद बॉक्समध्ये याचा बास आखडता पण नेमका आहे, ठोका पडतो आणि लगेच थांबतो. जुना नुसता घुमायचा. सगळ्यात खालच्या सुरांना मात्र हा फार खोल जात नाही. काच थरथरवायची हौस असेल तर दुसरं काही बघा.

कापलेला तारा टर्मिनलचा, म्हणजे वायर खोवायच्या जागांचा. दाबून लावायचे आहेत, स्प्रिंग कडक आणि भोक एवढं अरुंद की १२ गेजची वायर आत जाता जाता तिच्या तारा फिसकटतात. दोनदा सोलून पुन्हा पिळली, तिसऱ्यांदा टोकाला डाग दिला तेव्हा कुठे गेली. शिवाय जोडणीची आकृती खोक्याच्या तळाशी छापलेली, तीही भिंग घेऊन वाचावी अशी.

मुलीला परत मागे बसवून चक्कर मारली. कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "पेपर गेला. आता नंबरप्लेट वाजतेय." खरंच वाजत होती. तिच्यामागे फोमची पट्टी लावली.