रीफ टँकमध्ये व्हिनेगर: काही महिन्यांनंतरचा अनुभव

स्वयंपाकघरातलं काही रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, घालायचं म्हटलं की आपल्या हौशी मंडळींत लगेच दोन तट पडतात. एकाला सगळं विष वाटतं, दुसऱ्याला ब्रँडेड बाटल्या म्हणजे निव्वळ लूट. माझ्या दादरच्या घरी २०० लिटरच्या टँकमध्ये नायट्रेट (माशांच्या घाणीतून साचणारं) कमी करायला पावसाळ्यापासून पांढरं व्हिनेगर चालू आहे. आत फक्त झोआ, मश्रूम आणि लेदर हे मऊ प्रवाळ. (कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित यादीत गेले, त्यामुळे तो विषयच नाही.)

व्हिनेगर स्वतः नायट्रेट कमी करत नाही. ते खाऊन जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट शोषतात आणि स्किमर (फेसातून घाण वेगळी करणारं यंत्र) त्यांना बाहेर काढतो. स्किमर नसेल तर या वाटेला जाऊच नका. रोज ४ मिलीपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडं थोडं वाढवलं. बरेच दिवस टेस्ट किटचा रंग ढिम्म हलला नाही, मग नायट्रेट ४० वरून १० च्या आसपास आलं. स्किमरचा कप आधी फिक्या चहासारखा भरायचा. आता काळपट, दाट, आणि वास असा की तो बाल्कनीतच धुवायचा असा घरात नियम झालाय. वेव्हमेकरच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) जाळीवर पांढरी बुळबुळीत साय धरते, ती बोटाने पुसावी लागते.

भांडण ॲसिडवरून होतं, पण खरा धोका ऑक्सिजनचा आहे. जिवाणू वाढले की ते ऑक्सिजन ओढतात. त्यात मुंबईचा मे महिना! चिलर नसेल तर पाणी सहज ३० अंशांवर जातं, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. म्हणून डोस सकाळी, टँकचे दिवे लागल्यावर. वीज गेली की डोस बंद आणि बॅटरीचा एअर पंप चालू.

लेबलवर ‘सिंथेटिक’ दिसलं म्हणून नाक मुरडू नका. ते पाणी घातलेलं ॲसिटिक ॲसिडच असतं, इथे तेच बरं. रंग किंवा मसाला घातलेलं मात्र नको. वोडकानेही हेच काम होतं, पण ती साधारण आठपट तीव्र. सिरिंजमध्ये १ मिली जास्त गेली तर ८ मिली व्हिनेगर जास्त गेल्यासारखं. वर परमिटची भानगड.

केएच, म्हणजे पाण्याची क्षारता, वाढवायला खायचा सोडा बिनधास्त वापरतो: माझ्या टँकला ६ ग्रॅममध्ये साधारण १ डिग्री वाढते. बेकिंग पावडर नव्हे, त्यात ॲसिड आणि स्टार्च असतं. चुन्याची निवळीही चालते, थेंब थेंब सोडली तर, कारण तिचा पीएच १२ च्या वर असतो. पण त्यासाठी फूड ग्रेड पावडर घ्या. पानाच्या गादीवरच्या डबीत चुन्याबरोबर आणखी काय आहे, हे पानवाल्यालाही ठाऊक नसतं.