फिशबेस: पंचगंगेच्या माशांसाठी काही महिने वापरल्यावर

गेल्या पावसाळ्यापासून फिशबेस, म्हणजे जगभरच्या माशांच्या माहितीची वेबसाइट, जवळजवळ रोज उघडतोय. कॉलेजच्या पोरांकडून पंचगंगेतल्या माशांचा एक खुला तक्ता करून घ्यायचाय. कुठला मासा किती वाढतो, काय खातो, अंडी कधी आणि किती घालतो, पिलांची राखण करतो का. कोल्हापुरात, मटणाच्या गावात हा उद्योग कशाला, असं विचारणारे भेटतातच. पण स्वतःचा तक्ता मांडण्याआधी सगळ्यात मोठा तक्ता कसा बांधलाय ते बघणं भाग होतं.

रायनर फ्रोझे आणि डॅनियल पॉली यांनी 1980 च्या दशकाच्या शेवटी मनिलात हे काम सुरू केलं. आधी सीडी निघाली, 1996 पासून इंटरनेटवर आहे. आज 35,000 हून जास्त प्रजाती आहेत. पैसे नाहीत, लॉगिन नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आकड्याशेजारी त्याचा संदर्भ असतो. कुणी, कुठं, कुठल्या मापानं मोजलं ते उघडून बघता येतं. नावांचंही काम चोख. कटला जुन्या पुस्तकांत कॅटला कॅटला होता, आता लेबिओ कॅटला झालाय. जुनं नाव टाकलं तरी बरोबर पानावर पोचतो. मराठी नावंही सापडतात, पण रोमन स्पेलिंगच्या नादी लागू नका, सरळ शास्त्रीय नाव टाका.

आता लांबीचं. इथं घाई केली की सगळंच चुकतं. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या टोकापर्यंत ती पूर्ण लांबी. शेपटीचं पर जिथं सुरू होतं तिथंच थांबलं तर प्रमाण लांबी. शेपूट दुभंगलेली असेल तर मधल्या खाचेपर्यंतची तिसरी. फिशबेसवर आकड्याला अनुक्रमे टीएल, एसएल, एफएल असं लिहिलेलं असतं आणि पोरं नेमकी तीच दोन अक्षरं गाळून आकडा उतरवतात. फरक केवढा पडतो बघा. वजन म्हणजे ए गुणिले लांबीचा बी-घात; ए आणि बी हे त्या त्या प्रजातीचे आकडे. ए 0.01 आणि बी 3 धरलं, तर 20 सेंमीचा मासा 80 ग्रॅम भरतो, 25 सेंमीचा 156 ग्रॅम. म्हणजे एकाच माशाची प्रमाण लांबी 20 आणि पूर्ण लांबी 25 असेल आणि सूत्र पूर्ण लांबीचं असताना 20 टाकलात, तर मासा कागदावर निम्मा होतो. आमच्या तक्त्यात लांबीच्या रकान्याला लागूनच कुठली लांबी हा रकाना ठेवलाय. तो रिकामा असला तर ओळ बाद.

मोजायला आम्ही घाटावर भोई मंडळींकडं जातो. ओला मासा फरशीवर सरळ करून, तोंड मिटवून पट्टी लावायची. एक काका दरवेळी म्हणतात, "मोजून काय वजन वाढणार हाय व्हय, सर?"

ही मोजमापं लागतातच, कारण आपल्या नदीतल्या बारक्या माशांवर मुळात अभ्यास कमी. ज्या प्रजातीची स्वतःची मोजमापं नाहीत, तिथं फिशबेस नात्यातल्या आणि तशाच अंगलटीच्या माशांवरून अंदाज बांधून देतं. तो अंदाज आहे हे पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं, शेजारी किमान-कमाल मर्यादाही असते. वाचणारा तेवढं सोडून मधलाच आकडा उचलतो, त्याला कोण काय करणार? आम्ही मोजलेलं आणि अंदाजाचं असे दोन रंगच ठरवून टाकलेत.

अंड्यांचा रकाना एकटा वाचण्यात अर्थ नाही. रोहू लाखांनी अंडी घालतो आणि सोडून जातो. चिलापीची (तिलापियाची) अंडी शेकड्यात, पण मादी ती तोंडात धरून उबवते, पिलंही धोका दिसला की तोंडातच शिरतात. नुसती संख्या बघितली तर चिलापी मागं पडायला हवी; धरणा-तळ्यांत जाऊन बघा काय झालंय ते. राखणीची माहिती फिशबेसवर प्रजननाच्या वेगळ्या पानावर आहे, तिथं मुद्दाम जावं लागतं.

अंडी घालण्याचे महिने जागेप्रमाणे नोंदलेले असतात. गंगेकाठचा महिना पंचगंगेला चिकटवू नये. आपल्याकडं चढणीचे मासे पहिल्या लोंढ्याबरोबर येतात, त्याची तारीख भोयालाच विचारायची.

शे-दोनशे प्रजाती एकदम हव्या असतील तर आर या संगणकाच्या भाषेतलं आरफिशबेस पॅकेज घ्या, पानं उघडत बसू नका. फिशबेसच्या माहितीचा परवाना नाव देऊन, बिगर-व्यापारी वापराचा आहे. आमचा तक्ता त्याहून मोकळा ठेवायचाय, म्हणून तिथून संदर्भ घेतो, मूळ शोधनिबंध काढतो आणि आकडा त्यातून लिहितो. वेळ जातो.

मोबाईलवर चालतं, पण तक्ते आडवे सरकवून बोटं दुखतात. घाटावर वही न्या, फिशबेस घरी आल्यावर उघडा.