हॉटेल, भाड्याचं घर, आजीचं घर की आपलंच घर? घरी असणाऱ्या आईसाठी सुट्टीची तुलना

सुट्टीत कुठे जायचं यावर घरात वाद सुरू झाला की समुद्र की डोंगर, एवढाच मुद्दा असतो. मी हल्ली त्यात पडत नाही. माझा प्रश्न वेगळा असतो: जिथे जाऊ तिथे सकाळी सहा वाजता "आई, भूक लागली" असं ऐकू आलं, तर अंथरुणातून उठणार कोण?

मी नऊ वर्षं घरी आहे. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी साडेतीनची. नवऱ्याला वर्षाकाठी मोजकीच रजा मिळते, त्यामुळे ती कुठे खर्चायची हे दरवर्षी नव्याने ठरवावं लागतं. हॉटेल, भाड्याचं घर, आजी-आजोबांकडचा मुक्काम आणि नुसतं घरीच राहणं, असे चारही प्रकार आम्ही करून पाहिलेत. नोकरी करणारा माणूस रजा टाकतो तेव्हा त्याचं ऑफिस मागे राहतं. आमचं ऑफिस मागच्या सीटवर बसून "अजून किती वेळ?" असं विचारत असतं.

मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातलं २४ वं कलम प्रत्येकाला विश्रांतीचा आणि पगारी सुट्टीचा हक्क देतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी जो करार केला, त्यात आठवड्यातून सलग किमान २४ तास विश्रांती लिहिलेली आहे. तीच कामं स्वतःच्या घरात बिनपगारी करणारीला कोणी सुट्टी लिहून देत नाही, ती आपणच आखायची. म्हणून ठिकाण आणि खर्च बघण्याआधी मी कामाचा हिशेब मांडते: स्वयंपाक, झोप, कपडे आणि मुलांवरची नजर. कुठल्या ठिकाणी यातलं काय माझ्या हातून सुटतं, आणि काय वाढतं?

हॉटेल

हॉटेलात स्वयंपाक सुटतो हे सगळ्यांनाच दिसतं. मला त्याहून मोठी सुटका वाटते ती "आज काय करायचं" या विचारातून. ओटा नाही, भांडी नाहीत, चादरी दुसरंच कोणीतरी बदलतं. एकदा पहिल्याच संध्याकाळी बाथरूममध्ये ओला टॉवेल खाली पडलेला दिसला. सवयीने उचलला आणि मग मुद्दाम परत खाली टाकला. अर्धे पैसे तिथेच वसूल झाले.

रात्री आठनंतर मात्र हॉटेल महाग पडायला लागतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाची धरून १० ते १३ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस सांगते, आणि आमची धाकटी ती शिफारस अगदी मनावर घेते. साडेआठला तिचा डोळा लागला की दिवा बंद. खोली एकच, म्हणजे अख्खं कुटुंब साडेतीन वर्षांच्या मुलीच्या वेळापत्रकावर. एका मुक्कामात मी आणि नवरा बाथरूमच्या फरशीवर टॉवेल अंथरून बसलो होतो, दार किलकिलं करून, कुजबुजत. मोठा पांघरुणात टॉर्च लावून वाचत होता. तासाभरात पाठ अवघडली आणि आम्हीही झोपून गेलो. लग्नाआधी ही रात्र मजेशीर म्हणून खपली असती.

तेव्हापासून बुकिंगच्या वेळी मी आधी हेच विचारते, की मध्ये दार असलेल्या दोन खोल्या आहेत का. नसतील तर तीन रात्रींपेक्षा जास्त नाही.

तीनही वेळा बाहेर बसून खाण्याची हौस मुलांना दुसऱ्या दिवसापर्यंतच टिकते. मागवलेलं येईपर्यंतची वीस मिनिटं धाकटीला टेबलाखाली जाण्यासाठी पुरेशी असतात, आणि तिला तिथून बाहेर काढणं हे काम कुठल्याच पॅकेजमध्ये नसतं. धुवायच्या कपड्यांची पिशवी रोज फुगते ती वेगळीच.

पोहण्याच्या तलावाकडे बघून हॉटेल निवडणार असाल तर एक ऐका. लहान मूल बुडताना सहसा ओरडत नाही, हात हलवून बोलावतही नाही. सगळं गुपचूप आणि मिनिट-दोन मिनिटांत होतं. जीवरक्षक असला तरी लहान मुलाच्या हाताच्या अंतरावर आपलं मोठं माणूस हवं, आणि त्याच्या हातात फोन नको. दोघं पालक असले की "तो बघतोय", "ती बघतेय" असं धरून चालतात आणि कोणीच बघत नाही. आम्ही वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या लावतो. ज्याची पाळी, त्याच्या मनगटात लाल रबरबँड. तो दुसऱ्याच्या मनगटात गेल्याशिवाय जागा सोडायची नाही. थोडक्यात, तलाव मुलांसाठी मजा असतो आणि आपल्यासाठी एक जादा ड्यूटी. ती ड्यूटी वाटून घेणारं कोणी बरोबर नसेल तर बिनतलावाचं हॉटेल घ्या, सुखात राहाल.

भाड्याचं घर

पहिल्यांदा असं घर घेतलं तेव्हा मी पहिला तास स्वयंपाकघरात उभी राहून चिडले होते. सुरी बोथट, चाळणी नाही, चार झाकणं आणि त्यातलं एकही कुठल्याच भांड्यावर बसत नाही. काम तेच, फक्त परक्या अवजारांनी करायचं, आणि वर भाडंही द्यायचं! ज्या बायका भाड्याच्या घराला नाकं मुरडतात त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

तरीही आज मला एकच पर्याय निवडायला सांगितला तर मी हाच निवडेन. सोयी तर आहेतच. झोपायची खोली वेगळी असते, म्हणून रात्रीचे दोन तास आपले राहतात. वॉशिंग मशीन असलं तर प्रत्येकाचे सातऐवजी तीनच जोड भरायचे, आणि परतल्यावर कपड्यांचा डोंगर होत नाही. पण माझं खरं कारण वेगळं आहे, आणि ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

जाण्याआधी आमचं ठरलं होतं, की सकाळ नवऱ्याची. मुलं उठल्यापासून आठपर्यंत मी खोलीबाहेर येणार नाही. साडेसहाला दारात तो. "वाट्या कुठे आहेत गं?" मी म्हटलं, "मला काय माहीत?" आणि तो दोन क्षण तसाच उभा राहिला, कारण हे खरं होतं. आपल्या घरात कुठली वस्तू कुठे असते याचा नकाशा माझ्या डोक्यात असतो, म्हणून सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. परक्या घरात तो नकाशा कोणाकडेच नसतो. तो गेला, त्याने चार कपाटं उघडली, वाट्या सापडल्या. तिसऱ्या दिवशी चहाची गाळणी कुठे आहे हे मीच त्याला विचारत होते.

मात्र आधी बोलून न घेता गेलात तर सवयीने तुम्हीच ओट्याशी उभ्या राहाल, आणि मग हा चारही पर्यायांतला सगळ्यात वाईट पर्याय ठरेल. आम्ही दोन गोष्टी पाळतो. एक जेवण रोज बाहेरचं. आणि कामं "मदत" म्हणून न वाटता वेळेनुसार वाटायची: त्याच्या वेळेत काय खायचं, कधी, किती, हे सगळं त्याचं. "तू सांग, मी करतो" यात अर्धं काम माझ्याकडेच राहतं. बुकिंगआधी घरमालकाला विचारा की जिन्याला आणि गच्चीला कठडा किंवा दार आहे का, मशीन चालू आहे का, रात्री अंधार होईल असे पडदे आहेत का. धारदार सुरी मी घरूनच नेते, सामानाच्या मोठ्या बॅगेत, फडक्यात गुंडाळून.

नवऱ्याला रजाच मिळणार नसेल तर दोन मैत्रिणींनी मुलांसकट एक घर घ्यावं. स्वयंपाक वेळेप्रमाणे न वाटता दिवसाप्रमाणे वाटायचा. आज तिचा दिवस, तर आज मी ओट्याकडे फिरकणारही नाही. मुलं एकमेकांत रमतात ही वरकमाई.

आजी-आजोबांकडे

पैशाने सगळ्यात स्वस्त, आणि मुलांना सगळ्यात आवडणारं. सकाळी सहाला उठायला तिथे हौसेने तयार माणसं असतात. पण हे कोणाच्या आई-वडिलांचं घर यावर फार अवलंबून आहे, ते मी न सांगताही कळेल. एका घरी मी दहापर्यंत झोपते आणि कोणी उठवत नाही. दुसऱ्या घरी मला कोणी काही करायला सांगत नाही, पण सासूबाई एकट्या ओट्याशी उभ्या असताना मला बसवतही नाही. त्यांच्या पद्धतीने चिरायचं, त्यांच्या जागी ठेवायचं. चांगल्या माणसांच्या घरीही माणूस दमतं.

टीव्ही, गोड, झोपायच्या वेळा, यांचे नियम तिथे विरघळतात. मी त्यावर भांडणं सोडून दिलं आहे, आठवड्याभराने काही बिघडत नाही. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसते: औषधं. म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या उशाशी, टेबलावर, झाकण सैल असलेल्या डबीत असतात. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची एखाद-दुसरी गोळीसुद्धा लहान मुलाला दवाखान्यात पोचवू शकते. पोचल्या पोचल्या मी त्यांच्याबरोबर बसून सगळ्या डब्या उंच कपाटात ठेवते. आईला याचा थोडा राग येतो. येऊ दे.

आजीकडे जाण्याचा सगळ्यात चांगला उपयोग आम्हाला उशिरा सुचला. मुलांना चार दिवस तिथे ठेवून आम्ही दोघंच घरी परतलो. कुठे गेलो नाही. जेवून भांडी तशीच ठेवली आणि सिनेमा बघितला.

घरीच

इथे प्रवास नाही, सामान बांधणं नाही, आणि आईला सुट्टीही नाही. मुलांची शाळा बंद म्हणजे आपली जादा पाळी. मधल्या तासांसाठी शिबिर लावणार असाल तर आधी गणित करा. शिबिर तीन तासांचं आणि रस्ता अर्ध्या तासाचा असेल, तर सोडून परत यायला अर्धा तास, आणायला जायला अर्धा तास. हातात दोनच तास उरतात, आणि डबा सकाळी भरायचा तो भरायचाच. चालत जाण्याच्या अंतरावर असेल तरच मी लावते.

नवरा रजा घेऊन घरी राहणार असेल तर मात्र घरची सुट्टीही चालते, एका अटीवर: घर सोडून जायचं ते आपण. एका वर्षी त्याच्या रजेच्या पहिल्या दिवशी मी सहा तास बाहेर होते. अकरा फोन आले. निळी बाटली कुठेय, हिला ताप आहे की गरमच लागतेय, मोजे कुठल्या खणात. चौथ्या दिवशी दोन फोन आले, त्यातला एक "जेवलीस का?" विचारायला. सुट्टी म्हणून ती साधीच होती, पण तिचा फायदा पुढचे कितीतरी महिने टिकला, कारण घराचा तो नकाशा आता त्याच्याही डोक्यात आहे.

किती दिवस, आणि कोणी काय घ्यावं

नेदरलँडमधल्या संशोधकांनी नोकरदारांच्या लांब सुट्ट्यांचा माग घेतला, तेव्हा ताजंतवानं वाटणं साधारण आठव्या दिवशी शिगेला पोचलं आणि कामावर परतल्याच्या पहिल्याच आठवड्यात पूर्वपदावर आलं. हा अभ्यास पगारी कामगारांचा होता. आपल्याला कामावर परतायला आठवडाही लागत नाही, बॅग उघडली की ड्यूटी सुरू. तरी त्यातून मी एवढं घेते, की चार दिवसांत तीन ठिकाणं करण्यापेक्षा आठ दिवस एकाच जागी राहावं. प्रत्येक नव्या जागी मुलांना निवांत व्हायला एक-दोन रात्री जातात आणि त्या रात्री आपल्याच जातात. वेळेचा फरक असलेल्या देशात जाणार असाल तर दर तासाच्या फरकाला साधारण एक दिवस धरा.

पोटचं पोर दोन वर्षांच्या आत असेल आणि रात्री उठत असेल, तर हॉटेलच्या नादी लागू नका. आजीकडे जा, शक्यतो तुमच्या आईकडे. तीन ते सात वर्षांची मुलं असतील तर भाड्याचं घर, कामाची वाटणी आधी बोलून. मुलं दहाच्या पुढे गेली की हॉटेल खरोखर हॉटेल होतं: त्यांची खोली वेगळी, ती आपलं आपण जेवतात, दार बंद करून आपण झोपतो. खिसा अगदीच रिकामा असेल किंवा वर्षभर एकटीने सगळं ओढून अंगात त्राण उरलं नसेल, तर नवऱ्याची रजा घरीच घ्या आणि तुम्ही बाहेर पडा.

आणि चारांपैकी काहीही निवडलंत तरी त्याची रजा परतीच्या दिवशी संपेल अशी घेऊ नका. आम्ही परतल्यानंतरचा एक दिवस राखून ठेवतो. मागच्या वेळी त्या सकाळी मी उशिरा उठले तेव्हा मशीन दुसऱ्यांदा लागलं होतं, बॅगा पालथ्या पडल्या होत्या, आणि तो जमिनीवर बसून पंधरा मोज्यांच्या जोड्या लावत होता. एक उरत होता. तो कुठे आहे हे मला माहीत होतं, पण मी काही बोलले नाही.